देगेतलं तोंड

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. आणि ज्याचा बसेल त्याला मी उद्यापासून बाजाराला एकटं पाठवणार नाही. बिलकीसच्या लग्नातली जेवण शिजवायची तांब्याची देग एवढी मोठी होती, की आदल्या दिवशी तिच्यात एक बकरी पडली आणि तिचं ओरडणं आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू आलं. हसा, हसा. पुढचं याहून खरं आहे.

बिलकीस इथंच बसलीय सुपारी कातरत. तिला काही विचारू नका. लग्नात काय चाललंय हे नवरी सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

साल कोणतं, तर जपान्यानं मलाया घेतलं त्याच्या पुढचं. मलाया कुठं आहे हे आमच्या गोरेगावात कोणाला सांगता आलं नसतं. एवढंच कळलं होतं की कथील तिकडून येतं आणि आता येत नाही. कथील नाही म्हणजे कल्हई नाही, आणि कल्हई नाही म्हणजे आम्ही कलईगर असून नसल्यासारखे. आमच्या भात्यावर कोंबड्या अंडी घालू लागल्या होत्या.

थोरले भाईजान वारल्यापासून घर दोघा भावांवर आलेलं. मधला कादर आणि धाकटा मी, चाँद पाशा. कादर हुशार. हे मी म्हणत नाही, तोच म्हणायचा. तीन वर्षं हैदराबादेत काढून आला होता आणि येताना बोट वर करून बोलायची सवय घेऊन आला होता. मी आपला साधा, कमी बोलणारा, थोडाफार शहाणा. हे मात्र मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणायला तयार नव्हतं.

तर आमच्या घरात हुशारीचा तुटवडा कधी पडला नाही. कथलाचा पडला.

बिलकीस थोरल्या भाईजानची एकुलती लेक. तिची पहिली सोयरीक बापाच्या मरणात मोडली. दुसरी जमवायला तिच्या आईला, आमच्या खुर्शीदभाभीला, चार वर्षं लागली. हट्ट्याचे फकीरसाब, तेही कलईगर, त्यांचा मधला मुलगा. पोरीनं त्याला औंढ्याच्या बाजारात एकदा लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून घरात हट्ट्याचं नाव निघालं की तव्यावरची भाकरी करपायची. ही वरात दारातून परत गेली तर तिसरी येणार नाही, हे भाभीला ठाऊक होतं आणि पोरीलाही.

आणि वरात दारातूनच परत जावी अशी चोख सोय आमच्या बिरादरीनं करून ठेवलेली. कलईगराच्या घरी लग्न असलं की त्याच सकाळी नवरीकडच्यांनी जेवणाच्या देगेला ताजी कल्हई करायची. वरात आली की नवऱ्याचा बाप गाडीतून उतरतो, पाण्याचा घोटही न घेता देगेपाशी येतो, आणि वाकून आत आपलं तोंड बघतो. मिशीचा केस न केस दिसला तर म्हणतो, "बिस्मिल्ला." मग बाकीचे उतरतात. नाही दिसला तर गाड्या तिथूनच वळतात. दुसरे लोक सोयरीक करताना पोरीचं तोंड बघतात. आमच्यात समधी स्वतःचं बघतो.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा भाभीनं विचारलं, "कथील किती हाय?"

कादरनं मूठ उघडली. आत सुपारीएवढा खडा होता.

"एवढ्यात डाव-पळीलाबी कल्हई व्हायची न्हाई, भाईसाब."

"भाभी, तुमी फिकीर काहून करता? अल्लानं अक्कल कशाला दिली हाय?"

"कुणाला?" भाभीनं विचारलं.

कादरला ते ऐकू आलं नाही. हुशार माणसाला असं मधूनमधून ऐकू येत नाही.

"मी म्हणते, सरळ निरोप धाडा," भाभी म्हणाली. "कथील न्हाई, म्हणून सांगा. साऱ्या मुलखात न्हाई. समधीसाबाच्या घरी तरी कुठून येऊन राहिलं?"

"त्यायच्याकडं हाय ना! त्यायनंच सांगून धाडलं. त्यायच्या दारच्या वलीम्याच्या जेवणाची देग आतापासून आरशावानी करून ठिवली म्हणे. त्यायच्याकडं आरसा आन आपल्याकडं काळी कढई? नाक जाईल ना, भाभी!"

"नाक जाऊ द्या. पोरगी जाऊ द्या सासरी म्हणजे झालं."

कादर एका बाजूनं हसला, हैदराबादेत हसतात तसा. म्हणाला, "बायांचं काम न्हाई हे," आणि पायात जोडा घालून कयाधूकडं चालता झाला.

कयाधूवर भोई. भोयांकडं जाळी. जाळ्यांना खाली शिशाच्या गोळ्या, जाळं पाण्यात बुडावं म्हणून. पन्नास वर्षांची जुनी, फाटकी जाळी भोयांच्या छपरावर पडलेली. संध्याकाळी कादर परत आला तेव्हा त्याचं धोतर शिशाच्या वजनानं गुडघ्यापर्यंत खाली आलं होतं आणि मान तेवढीच वर गेली होती.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटायच्या आत कल्हई झाली. मी त्या वेळी तिथं नव्हतो, म्हणून मला सगळं नीट आठवतं. देगेत आधी उतरायचं, वाळू आणि गोणपाट पायाखाली घ्यायचं आणि कंबर फिरवत गरगर नाचायचं. आतला सगळा काळपटपणा निघतो. मग खड्ड्यातल्या कोळशांवर देग. भाता असा चालला की शेजारचा कोंबडा कौलांवर उडून बसला आणि तिथूनच आरवला. धोतरभर शिसं, वर तो सुपारीएवढा कथलाचा खडा. नवसागर नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त, म्हणजे शिसं तांब्याला पकड धरतं. पांढरा धूर उठला की कापसाचा बोळा फिरवायचा, हात थांबवायचा नाही, थांबला की डाग पडतो. हे मला कादरनं नंतर सांगितलं. मध्ये मध्ये असं बघू नका माझ्याकडं.

उजाडलं तेव्हा देग अशी चमकत होती की कावळा काठावर बसला, आत डोकावला आणि आपल्याच थोबाडाला घाबरून पळाला.

सूर्य कासराभर वर आला आणि हट्ट्याच्या गाड्या आल्या. अडीचशे माणसं, औंढ्याच्या मुक्कामापासून कोणाच्या पोटात चहापलीकडं काही नाही. फकीरसाब उतरले. मिशा अशा, की माणूस मागून ओळखू यावा. ते देगेपाशी आले, दोन्ही हात काठावर ठेवले आणि वाकले.

वाकले ते वाकलेच.

भाभी दाराआडून बघत होती. बिलकीस आतल्या खोलीत मेंदीचे हात मांडीवर उताणे टाकून बसली होती. तिला दिसत काही नव्हतं, फक्त बाहेरची गप्प झालेली माणसं ऐकू येत होती.

"बिस्मिल्ला," फकीरसाब एकदम म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं.

त्यांची बहीण कनीजबी गाडीतून ओरडली, "भाईजान, येवढा वेळ काहून लागला?"

"मिशी मोठी हाय," फकीरसाब म्हणाले, आणि पुन्हा देगेकडं न बघता मांडवात जाऊन बसले.

लोक उतरले. शरबत फिरलं. कादर अत्तर लावत सगळ्यांमधून असा फिरत होता, जणू निकाह त्याचाच आहे. कोपऱ्यात मला धरून म्हणाला, "बघितलं? ह्याला म्हणतात डोकं." मी काही बोललो नाही. शहाणा माणूस अशा वेळी बोलत नाही. मूर्खही बोलत नाही, पण ते सोडा.

तिकडं चुलीपाशी तुरीची डाळ निवडून तयार, दुधीच्या फोडी तयार, आणि घमेलंभर चिंच भिजत घातलेली. दालचा. अडीचशे माणसांचा. भाभीनं देग उचलून चुलीवर ठेवायला सांगण्याआधी आतून पदरानं पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. जन्मभर कलईगराच्या घरात राहिलेली बाई, भांडं हातात आलं की पुसते.

पदराचं टोक काळं झालं.

तिनं ते टोक उलटं करून पुन्हा घासलं. पुन्हा काळं. मग ती शांतपणे उठली आणि कादरला बोटानं खुणावून घरामागं घेऊन गेली.

"हे काय हाय, भाईसाब?"

"धूर असंल."

"धूर बाहेरून लागते. ह्ये आतून हाय."

कादरनं पदराचं टोक नखानं खरवडून बघितलं. मग त्याची हुशारी परत आली. "बरं, हाय शिसं. मग? समधीनं पास केलं ना? एका जेवणानं कोण मरून राहिलं?"

"दालच्यात चिंच हाय. आंबट हाय ते. शिशाचं सारं जहर उतरवून घेते आंबट. तुमच्या भाईजाननी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं ते, आन तुमाला हैदराबादेत कुणी सांगितलं न्हाई?"

"तर चिंच नका घालू."

"बिनचिंचेचा दालचा वाढू? कनीजबीला?"

"मग असं करा, देगेत पाल निघाली म्हणून सांगा."

"आन सकाळी समधीसाबानी आत तोंड घालून बघितलं तवा पाल कुठं गेली होती? त्यायच्या मिशीत?"

"तर मग..." कादर बोट वर करून विचार करू लागला. "तर मग मी आत्ता चक्कर येऊन पडतो. पडतो तो देगेवर. देग कलंडते, डाग पडतो, नाइलाजानं..."

एका दमात चार उपाय. प्रत्येक आधीच्याहून हुशार, आणि प्रत्येकाला टेकू द्यायला दोन नव्या थापा लागणाऱ्या. कादरला देगेची चकाकी कळत होती. भाभीला देगेत काय शिजणार ते कळत होतं. एकाच घरात राहून एवढं अंतर.

"अडीचशे माणसं हायेत," भाभी म्हणाली. "लेकरं हायेत. समधीसाबाची थोरली सून सातव्या महिन्यात हाय."

"आन वरात परत गेली तर? बिलकीसचं काय?"

भाभी भिंतीला टेकली. चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस पदराच्या टोकाला काळा होऊन लटकत होता.

भिंतीच्या पलीकडून आवाज आला. भिंत कुडाची, आणि बिलकीस तिला लागूनच बसलेली.

"अम्मा."

"काय, बेटा?"

"वरात जायची असंल तर जाऊ दे." मग काकणं वाजली. "त्या लेकरायला देगेतलं वाढू नको."

भाभीनं डोळे पुसले, तेही त्याच पदरानं, आणि गालावर काळा पट्टा ओढला गेला. तशीच ती मागच्या वाटेनं निघाली. पोचली ती थेट मनकर्णा कुंभारणीच्या आव्यापाशी.

"मडकी किती हायेत?"

"मोठी? चाळीस असतीन," मनकर्णा म्हणाली. "गालाला काय लागलं तुह्या?"

"नशीब. चाळीसच्या चाळीस दे."

"दिली. पण कोरी हायेत, बाई. तशीच चुलीवर ठेवशीन त तडकतीन. दोन घंटे पाण्यात बुडवून ठेव."

"अडीचशे माणसं उपाशी बसलीत, मनकर्णा!"

"उपाशी माणूस दोन घंटे जगते. तडकलेल्या मडक्यातलं वरण जगत न्हाई." मनकर्णानं दोन मडकी स्वतःच्या डोक्यावर चढवली. "चाल. हौदात टाकू."

मडकी हौदात बुडाली, बुडबुडे काढू लागली. आता उरलं ते अवघड काम. पास झालेली देग बाजूला का ठेवली, हे समध्याला सांगायचं. भाभीनं फकीरसाबांना मांडवाच्या कडेला बोलावलं. मी जवळच खांबाशी होतो. खांबाला काही काम नव्हतं, मला होतं.

"समधीसाब, तुमी कल्हई किती सालापासून करता?"

"तीस साल झाले."

"देगेत काय दिसलं तुमाला?"

"तोंड दिसलं. बराबर दिसलं."

"आन तोंडाच्या खाली?"

फकीरसाब मिशीला पीळ देऊ लागले. एका बाजूचा संपला, मग दुसऱ्या बाजूचा सुरू केला.

"मला पदर काळा झाल्यावर कळलं," भाभी म्हणाली. "तुमाला नजरेनंच कळलं असंल. निळसर झाक असते शिशाला. तरी तुमी बिस्मिल्ला म्हणलात. आमची लाज राखायला म्हणाले असते तर तिथंच मला बाजूला घेऊन सांगितलं असतं. सांगितलं न्हाई. काहून?"

फकीरसाबांनी जमिनीकडं बघितलं. तिथं एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडं त्यांनी फार आस्थेनं बघितलं.

मग भाभी अगदी हळू, जणू शेतातल्या पिकाची चौकशी करतेय, तशी म्हणाली, "हट्ट्याकडंबी भोई हायेत व्हय?"

"पूर्णा जवळच हाय," फकीरसाब म्हणाले. "पूर्णेला लई भोई."

म्हणजे बघा. हट्ट्यातली वलीम्याची आरशासारखी देगही शिशाचीच. दोन हुशार घरांनी दोन नद्यांवरची जाळी सोलली होती, आणि एकाची चोरी दुसऱ्यानं ओळखूनही गप्प बसायचं ठरवलं होतं, कारण ओरडला असता तर स्वतःच्या देगेचं झाकण उघडलं असतं. मधे अडीचशे माणसं होती. ती कोणाच्या हिशोबात नव्हती.

कादर असता तर त्यानं तिथंच समध्याचं नाक धरलं असतं. जन्मभर धरून ठेवलं असतं; पोरगी सासरी आणि समधी मुठीत. मलाही क्षणभर वाटलं, भाभी आता हातात सापडलेलं सोडणार नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, मांडवाच्या मधोमध आली, आणि मोठ्यानं बोलू लागली. बायका दाराबाहेर बोलत नव्हत्या त्या काळात. लोकांनी शरबताचे पेले खाली ठेवले.

"समधीसाब म्हणून राहिले," ती म्हणाली, "की लढाई संपून चांगलं कथील येईस्तोवर बिरादरीत कुणी लग्नाची देग मांडायची न्हाई. कुणाकडं असंल, कुणाकडं नसंल. गरिबाच्या पोरीची वरात त्याच्यापायी परत जायला नको. सोयरीकीचं जेवण मातीच्या मडक्यात शिजंल. आन तोंड बघायचं ते पाण्यात बघायचं. एवढा मोठा इच्यार त्यायनी केला. मला तर सुचलाच नसता."

सगळ्यांनी फकीरसाबांकडं बघितलं. फकीरसाबांनीही जरा आजूबाजूला बघितलं, दुसरे कोणी फकीरसाब आहेत का म्हणून. मग त्यांची छाती हळूहळू भरत गेली. माणसाला न केलेल्या शहाणपणाचं श्रेय मिळालं की तो केलेल्यापेक्षा लवकर फुगतो.

"हौ," ते म्हणाले. "लई दिवसापासून डोक्यात होतं माझ्या."

"मडक्यात?" कनीजबी उसळली. "भाईजान, आमी काय मातीत जेवायला येवढ्या दुरून..."

"कनीज! मी बोललो ना एकदा?"

भाभीनं पाण्यानं भरलेलं मडकं आणून पुढं ठेवलं. फकीरसाब दुसऱ्यांदा वाकले. या वेळी लवकर उठले नाहीत, पण कारण वेगळं होतं. पाणी हलत होतं. तोंड तुटत होतं, जुळत होतं. कल्हईत माणूस जसा दिसतो तसा तो त्यात दिसत नव्हता. खरं सांगायचं तर म्हाताराच दिसत होता.

"बिस्मिल्ला," ते म्हणाले. हळू.

निकाह झाला. दालचा अडीच तास उशिरा पंगतीत आला, आणि कनीजबीनं तीनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पाठवणीला नवरीच्या गाडीत भाभीनं वीस मडकी गवतात गुंडाळून ठेवली. "वलीम्याला," एवढंच म्हणाली. फकीरसाबांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हातानं मडक्यांखालचं गवत नीट केलं.

आता तुम्ही म्हणाल, भाभीला मनकर्णाकडं जायचं सुचलं कसं? मी सुचवलं. हौदापर्यंत मडकी कोणी वाहिली? मी. सगळी चाळीस एका खेपेत, बारा डोक्यावर, चौदा-चौदा दोन्ही बगलेत. मी बोलत नसतो, पण विचारलंत म्हणून सांगितलं. आणि कादर? त्याला अशी शरम वाटली, अशी शरम वाटली, की पाठवणी होताच भाता खांद्यावर टाकून तो गाव सोडून निघाला. वेशीपाशी माझ्या गळ्यात पडला. ढसाढसा रडला. म्हणाला, "चाँद, हुशार मी खरा, पण शहाणा तूच रे. शिसं टाकायच्या आधी तुला एकदा विचारलं असतं तर..."

अडकित्त्याची कटकट थांबली.

"चाचा," बिलकीस म्हणाली, "लई वेळ ऐकून राहिले मी. म्हणलं, कुठंतरी थांबतील. कादरचाचा माझ्या लग्नाच्या दोन साल आधीच अल्लाला प्यारे झाले. कबरीवर माती तुमीच लोटली. त्या पहाटे मेंदीच्या हातानं भाता मी मारत होते, आन 'विलायती कथील हाय, बेटा' म्हणून शिसं तुमी टाकलं."